विनातिकीट कंडक्टर

६ जानेवारी, मंगळवार

संपली म्हणे! सगळी!

दुपारी बाराला गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांची विक्री सुरू होणार होती. मी जेवण लवकर उरकलं, चष्मा पुसला, मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्यापुढे मांडी घालून बसलो. बारा वाजले तसं बटण दाबलं. तर पडद्यावर काय — 'आपण प्रतीक्षेत आहात. आपल्या पुढे अडतीस हजार जण आहेत.' लातूरच्या त्या मैदानात खुर्च्या मावणार फार तर आठ हजार. मग हे अडतीस हजार कोण? आणि बटण दाबायच्या आत माझ्या पुढे आले कुठून? रांग म्हटली की पुढच्याची पाठ दिसली पाहिजे. मध्ये घुसणाऱ्याची कॉलर धरता आली पाहिजे. इथं पाठ नाही, कॉलर नाही, नुसता आकडा!

तरी थांबलो. आकडा उतरत गेला. शेवटी आपला नंबर आला, तर विचारतो — 'आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा. बस असलेली चित्रे निवडा.' मला हसूच आलं. म्हटलं, विचार बाबा! एसटीत जन्म गेला. पटापट बोट लावलं. एकात शाळेची व्हॅन होती, ती सोडली. एकात ट्रकचं मागचं फाळकं होतं, तेही सोडलं. म्हणे चूक. पुन्हा केलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा मन मारून व्हॅनलाही बस म्हटलं. तरी लाल अक्षरं आलीच — 'आपली ओळख पटली नाही.'

माझी! लांबून नुसता धुरळा बघून गाडी कोणत्या आगाराची ते सांगायचो, आणि मला बस ओळखता येत नाही म्हणे!

पुन्हा आत शिरेपर्यंत पाटी लागली होती. हाउसफुल्ल.

धुरपता दारात उभी होती. 'भेटलं का?' म्हणाली. मी मोबाइल गादीवर आपटला. ती पदराला हात पुसत आत गेली.

त्या कार्यक्रमात दिपाली ढोलकी वाजवणार आहे. आमची पोरगी. तीन वर्षं झाली तिला बघून.

७ जानेवारी, बुधवार

कालपासून घरात अबोला. सकाळी चहा ठेवता ठेवता धुरपतानं तोंड उघडलं. 'दिपालीचा फोन आल्ता. कलाकाराला दोन-दोन पास भेटतेत. आईपप्पासाठी ठिवू का म्हणून राहिली.'

नाही म्हणालो.

'कामून न्हाई?'

कामून म्हणजे? ज्या माणसानं जन्मभर फुकट्यांना उतरवलं — भर उन्हात, अर्ध्या रस्त्यात, एकदा तर सरपंचाच्या भाच्याला — त्यानं आता पासावर जाऊन बसायचं? आणि तेही जी माझं न ऐकता गेली तिच्या पासावर? तिकीट काढून जाईन. स्वतःच्या पैशाच्या खुर्चीवर बसेन. आवडलं तर टाळी वाजवीन, नाही आवडलं तर उठून येईन. कोणाचा मिंधा नाही.

'आन् आपण येतो म्हणून तिला सांगू नको,' असंही बजावलं.

'तुमचं तिकीट आन् तुमची इज्जत तुमच्याजवळ ठिवा,' धुरपता म्हणाली. 'मला माझं लेकरू वाजवताना बघायचंय. लोकं टाळ्या वाजवतेत म्हणती. एकदा बघू द्या.'

मग तू जा म्हटलं पासावर, एकटी. तर म्हणते, 'चोरावानी एकटी कामून जाऊ? तसं असतं तर कवाच तिच्याकडं पुण्याला गेले असते. जायचं तर दोघं.'

एक ती हट्टी, एक ही हट्टी. मध्ये मी गरीब.

९ जानेवारी

आज मोबाइलवर बघतो तर तीच तिकिटं! मंगळवारी संपलेली! दुसऱ्या एका ठिकाणी ढिगानं विकायला ठेवलेली, किंमत चौपट. वर आणि 'सुविधा शुल्क' वेगळं. सुविधा कोणाची? माझी तर नाही.

आता मला कळलं काय झालं ते. आपल्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल टाकतात. कोणी टोपी टाकतो, कोणी पिशवी. बिलोलीच्या गाडीत एका बाईनं लेकराची चप्पल टाकली होती. रुमाल पडला की जागा त्याची. मागून येणारा कितीही दांडगा असो, रुमाल दिसला की कुरकुरत पुढे सरकतो. कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण चालतं. का चालतं? तर रुमाल टाकणारा घाम पुसत येतो आणि तिथंच बसतो. जागा त्याला लागते म्हणून तो ती धरतो.

या हरामखोरांनी सगळ्या गाडीत रुमाल टाकले. बसायचं एकालाही नाही. दारात उभं राहून रुमाल विकून राहिले!

धुरपताला हे समजावून सांगितलं. ती गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'दिपालीला बी रुमालाचं लई कळायचं.'

ते खरं. शाळेला सुट्टी लागली की ती माझ्याबरोबर गाडीवर यायची. कंडक्टरच्या सीटवर, माझ्या शेजारी. मी तिकिटं फाडायला उठलो की माझा चौकड्याचा रुमाल माझ्या जागेवर पसरायची आणि राखण करत बसायची. एकदा हिमायतनगरला एक मिशीवाला पैलवान तिथं टेकायला लागला, तर ही एवढीशी त्याला म्हणाली, 'रुमाल हाय, दिसत न्हाई का?' सगळी गाडी हसली. पैलवान किनवटपर्यंत उभ्यानं आला. आणि माझ्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर हिची बोटं सारखी चालायची. मी दांडीवर पंच टकटकवला की ही पेटीवर ताल धरायची. मी ओरडायचो — पेटीला पोचे पडतील!

लिहायला बसलो होतो तिकिटांचं. कुठे वाहवलो.

१२ जानेवारी, सोमवार

पेपरात जाहिरात आली — नांदेडला 'अधिकृत विक्री केंद्र'. सकाळी दहाच्या आत तिथं. केंद्र म्हणजे एक मोबाइलचं दुकान. काचेवर त्या दाढीवाल्या गायकाचा फोटो, पुरुषभर उंचीचा. मागे वाजवणारे सगळे अंधारात. तिथं डाव्या कोपऱ्यात एक मुलगी आहे, तिचं अर्धं तोंड दुकानदारानं ऑफरच्या स्टिकरखाली झाकलेलं. दिपालीच असावी. नख लावून स्टिकर काढायला गेलो तर आतून ओरडला, 'ओ काका, काचेला हात नका लावू!'

तिकिटं? 'आमच्याकडचा कोटा संपला.' कधी? 'सुरू व्हायच्या आधीच.' म्हटलं हे कसं काय? सुरू व्हायच्या आधी संपतं कसं? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्यांदाच शहर बघतोय. मग आवाज खाली आणून म्हणाला, 'च्या पिऊन या काका. बघू काही तरी.'

चहा प्यायला गेलो नाही. माझ्यासमोर एक गाडी थांबली, पांढरा शर्ट उतरला, दुकानदारानं गल्ल्याखालून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. पास! जाडजूड गठ्ठा! मी म्हटलं, हे काय? 'ते साहेबांचे हायेत.' कोणते साहेब, ते सांगायची गरज कोणाला वाटत नाही.

पासवाल्याला गाडीत बसू द्यावं लागतं, हे मी नोकरीत शिकलो. आमदार, खासदार, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार. पण त्यांच्या सीटा ठरलेल्या असायच्या आणि त्यावर रंगानं लिहिलेलं असायचं. बाकीची गाडी गोरगरिबांची. इथं गोरगरिबांनी टपावर बसायचं.

१३ जानेवारी

घरी आल्यापासून डोकं दुखतंय. धुरपतानं विचारलंही नाही. हे जास्त लागलं.

१७ जानेवारी, शनिवार

हेल्पलाइन. आधी गाणं वाजलं, त्या दाढीवाल्याचंच. मग एक बाई बोलली. मी म्हटलं, ताई, एक तक्रार आहे. ती बोलतच राहिली. बाई नव्हतीच ती, यंत्र होतं! 'आम्ही आपली गैरसोय समजू शकतो.' काय समजतेस तू? मला म्हणते यंत्र नसल्याचं सिद्ध कर आणि स्वतः यंत्र!

आमच्या वेळी गाडीत तक्रारपुस्तिका असायची. कोणी मागितली की द्यायला टाळाटाळ करायचो, खोटं कशाला बोलू. पण शेवटी द्यायचो. लिहिणाऱ्याचं तोंड बघायचो, तो माझं बघायचा.

१९ जानेवारी

आज धुरपता बोलली, आणि नको तेच बोलली. 'तुमी तिला म्हणला व्हता, या घरात आता तुझा थांबा न्हाई. आता तिच्या दारात तिकीट मागून राहिले.'

मी तसं म्हणालो होतो, पण कशावरून म्हणालो? नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडून ढोलकी घेऊन निघाली होती! एक वर्ष राहिलं होतं सरकारी नोकरीच्या लायक व्हायला. आमच्या घरात पहिली पांढऱ्या कपड्यातली! चौदा एप्रिलला विहारासमोर वाजवायची तेव्हा मीच पुढे बसायचो, मीच लोकांना सांगायचो, आपली पोरगी. जयंतीला वाजव, रोज कशाला? एवढंच म्हणणं होतं. बाप एक वाक्य बोलला तर पोरीनं ते एवढं धरून ठेवायचं?

धुरपताला हे सगळं म्हटलं. ती म्हणाली, 'तिनं न्हाई धरून ठिवलं. तुमीच ठिवलं.'

मग मी बाहेर जाऊन आलो.

२१ जानेवारी, बुधवार

मिळालं!!

व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे, तिथं एक जण तिकिटं विकतो. फोटोच्या जागी वाघ. 'काका, टेन्शन नका घेऊ,' म्हणाला. आवाज चांगल्या घरातला. मी सरळ भाव केला नाही, आधी तपासणी केली. ब्लॉक कोणता? रांग कोणती? खुर्ची कितवी? सगळं फडाफड सांगितलं त्यानं. फोटो पाठवला — वर काळ्या ठिपक्यांचा चौकोन, खाली नंबर, सीरियलसुद्धा. तिकिटाला नंबर असला की ते तिकीट. हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

किती दिले ते इथं लिहीत नाही. धुरपतालाही सांगितलेलं नाही. मोबाइलवरचं दाखवून चालणार नाही म्हणून झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतलं. दोन तिकिटं, दोन घड्या, शर्टाच्या आतल्या खिशात.

धुरपतानं तिकीट हातात घेतलं, उलटून पालटून बघितलं. तिला वाचता येतं पण तिनं वाचलं नाही, नुसतं धरून बसली. मग ट्रंकेतून हिरवी पैठणी काढून उन्हात टाकली. माझ्याशी आठवडाभरानं धड बोलली — 'थंडी आसंल. तुमचं स्वेटर धुते.'

३० जानेवारी

उद्या. लोहा, अहमदपूर करत दुपारपर्यंत लातूर. शेंगदाण्याची पोळी केली आहे तिनं, दिपालीला द्यायला. भेटणार कशी, विचारलं तर म्हणाली, 'आपल्या खुर्चीवरून हाक मारीन.' मी म्हटलं, आठ हजार लोकांत? म्हणाली, 'माझं लेकरू हाय, ऐकंल.'

१ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

दारात पोरगा होता, हातात पिस्तुलासारखं यंत्र. माझ्या कागदावर त्यानं ते धरलं. लाल दिवा. परत धरलं. लाल. 'काका, हे तिकीट आधीच आत गेलंय.'

म्हटलं आत कसं जाईल? ते माझ्या खिशात होतं!

'कॉपी हाय काका ही. एकाच तिकिटाच्या लई कॉप्या इकल्या कोनी तरी.'

माझ्या मागे एक मास्तर उभे होते, निलंग्याचे, आईला घेऊन. त्यांनी कागद पुढे केला. तोच ब्लॉक, तीच रांग, त्याच खुर्च्या! त्यांच्या मागे अजून एक जोडपं. त्यांच्याही त्याच! एवढी माणसं दोन खुर्च्यांवर बसायला आली होती, नवे कपडे घालून.

मी आवाज चढवला. म्हटलं, व्यवस्थापकाला बोलाव. तो पोरगा शांतपणे म्हणाला, 'काका, बाजूला व्हा. मागच्यांना येऊ द्या.'

हे वाक्य माझं आहे. याच आवाजात मी ते किती जणांना म्हणालो असेन. बाजूला झालो.

शेजारचं दार वेगळं होतं. तिथून गाड्या सरळ आत जात होत्या. ना यंत्र, ना कागद. काचेला पास चिकटवलेला.

वाघवाल्याला फोन लावला. बंद. धुरपता म्हणाली, 'मी दिपालीला लावते.' मी नको म्हणालो नाही. हे पहिल्यांदाच. तिनं लावला. रिंग जात राहिली, कोणी उचलला नाही. तेवढ्यात आत लोक ओरडायला लागले, दिवे फिरायला लागले आणि ढोलकी सुरू झाली. वाजवणारी फोन कुठून उचलणार?

भिंतीकडेला जनरेटर चालू होता, त्याच्या बाजूला चहाच्या गाडीचा बाक. तिथं बसलो. गाणं कळत नव्हतं, जनरेटरच जास्त. मधूनच वारा फिरला की ढोलकी यायची. धुरपता डोळे मिटून ऐकत होती. 'हिचीच हाय,' म्हणाली. मी म्हटलं, 'कशावरून?' म्हणाली, 'तुमच्या पेटीवर वाजवायची ना, तेच हाय.'

तेच होतं. टक — टक — आणि मग बोटं. मलाही कळलं होतं.

परतीच्या गाडीसाठी कार्यक्रम संपायच्या आधी निघालो. धुरपतानं पोळीचा डबा चहावाल्या बाईला देऊन टाकला. पैठणीला धुरानं काळं लागलंय, आज धुतेय. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं.

पोलिसात जाऊ का? काय सांगू तिथं? जन्मभर तिकिटं फाडली त्याला खोटं तिकीट ओळखता आलं नाही?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आत्ता बसवंतचा फोन येऊन गेला, उदगीरहून. देगलूर गाडीवर माझा ड्रायव्हर होता तो. जावयाच्या पासावर शनिवारी लातूरला कार्यक्रम बघून आला म्हणे. दिपाली आता मोठी झाली, त्यानं कुठून ओळखावी.

'पुढचे निम्मे सोफे खालीच, कंडक्टर! पासवाले आलेच न्हाईत. शेवटी मागच्या लोकायला पुढं बसवलं. पन दोन खुर्च्यावर कोनालाच बसू देईनात. अगदी पुढं, ढोलकीच्या समोर. मी गेलो टेकायला, तर तिथली पोरं म्हणली, काका, रुमाल हाय, दिसत न्हाई का? ढोलकीवाल्या मॅडम सोताच्या हातानं टाकून जातेत. तीन साल झाले, हर गावात टाकतेत. कोनी येत न्हाई, तरी टाकतेत. चौकड्याचा रुमाल होता, तुमचा असायचा ना, तसलाच.'

धुरपता आतून विचारतेय, कोणाचा फोन होता. दिपालीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये नाही. धुरपताकडे मागावा लागेल.